तेलाचे चार थेंब

कॉलेजच्या फोटोग्राफीच्या खोलीत कपाटावर एक जुना फिल्म स्कॅनर पडून होता. निगेटिव्हवरचा फोटो संगणकावर आणायचं यंत्र. "दुरुस्त करून बघू का?" असं मी सरांना विचारलं, तेव्हा मनात होतं, नको म्हणाले तर बरं, माझ्या हातून आणखी काही बिघडायला नको. ते म्हणाले, "बघ. बंदच आहे, आणखी काय बिघडणार?"

मी त्यांना कारण सांगितलं नव्हतं. वडनेरला, माझ्या गावी, आईच्या पेटीत निगेटिव्हचा एक तुकडा होता. माझ्या आधीची बहीण तीन वर्षांची असताना तापाने गेली. तिचा एकच फोटो, जवळच्या जाम गावातल्या स्टुडिओत काढलेला. तो वाळवीने खाल्ला, पुढे स्टुडिओही बंद झाला; उरली ती ही निगेटिव्ह. आई म्हणायची, "मले आता तिचं तोंडच आठवत नाई, बाई."

दिवाळीच्या सुट्टीआधी मी रोज तास संपले की त्या यंत्रापाशी बसायचे. सैल झालेला पट्टा बदलला. चाचणीच्या प्रत्येक चित्रात मधोमध एक काळी रेघ येत होती, म्हणून आतली धूळ फुग्याने उडवत राहिले. शेवटी एका दुपारी आईकडून मागून आणलेला तुकडा लावला. आधी पडद्यावर छोटं, अंधुक चित्र येतं, मग खरं स्कॅनिंग सुरू होतं. छोट्या चित्रात ती उभी होती, आणि रेघ नव्हती! तेवढ्यात फिल्म सरकवणारा भाग करकरत अडकला. यंत्र बंद करावं लागलं, चित्र गेलं.

आई ब्लाउज शिवते. आमच्या घरी काहीही करकरलं की शिलाई मशीनचं तेल. बिजागरी, सायकल, पंखा, सगळ्यांना तेच. माझ्या बॅगेतही त्याची लहान बाटली असते. तो भाग ज्यावर सरकतो त्या दांडीवर मी चार थेंब सोडले. भाग सरकू लागला, पण तेल ओघळून आत अडकलेल्या निगेटिव्हवर गेलं.

मग कापडावर तेल सांडलं की आम्ही करतो तेच मी केलं. गरम पाणी, साबण, बोटाने हलकं चोळणं. फिल्मवरचं चित्र एका पातळ थरात असतं आणि तो गरम पाण्यात सुटतो, हे नंतर कळलं. बोटाखाली काहीतरी बुळबुळीत सरकलं. उजेडात धरलं, तर हातात स्वच्छ प्लास्टिक.

घरी गेले तेव्हा आई मशीनवर होती.

"काऊन गप्प हायेस? नाई निघाला फोटो?"

मी सगळं सांगितलं. तिचे पाय मशीनच्या पायडलवर थांबले.

"किती थेंब टाकले?"

"चार."

"तुले शंभरदा सांगतलं, एकच टाकत जाय." तिने सुईखालचं कापड सरळ केलं. मग म्हणाली, "पण तू पाह्यली ना तिले?"

"एवढीशी. अंधुक."

"सांग मंग."

केस दोन्ही बाजूंना बांधलेले होते, फ्रॉकला झालर होती, एका पायात चप्पल नव्हती. एवढं मी सांगितलं.

"अन् तोंड?"

तोंडाकडे मी पाहिलंच नव्हतं. रेघ गेली का, तेवढंच बघत होते.

"तुयासारखं होतं, माय," मी म्हणाले.

तिने मान डोलावली आणि पुन्हा मशीन सुरू केली.