वाढते पाय

माझे पाय दुखायला लागले की आई माझ्यापासून लांब जाऊन बसायची. ऐकणाऱ्याला वाटेल, काय दगडाच्या काळजाची बाई! तशी ती मुळीच नव्हती. पोट दुखलं तर पोटावर हात फिरवत बसेल, डोकं दुखलं तर मांडीवर घेईल, स्वतःच्या ताटातली भाकरी आमच्या ताटात सरकवेल. फक्त पाय नको. पायाचं नाव काढलं की तिचा चेहरा उतरायचा आणि दोन्ही हात पदराखाली जायचे.

सोलापुरात गिरणीच्या चाळीत आमची एक खोली होती. बहात्तरचा मोठा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. वडील गिरणीत दुसऱ्या पाळीला, त्यामुळं संध्याकाळी घरात आम्ही तिघंच असायचो: आई, दादा आणि मी. मी सात वर्षांची, दादा माझ्याहून चांगला मोठा. आई घरी बसून चादरींच्या दशा वळायची. चादर मागावरून उतरली की कडेला दोरे सुटे राहतात, ते पिळून गाठ मारायची, की झाली दशी. दिवसभर तिची बोटं तेच करत असायची.

मी म्हणजे एक नंबरची हुंदड पोर. शाळा सुटली की लंगडी, शिवाशिवी, चाळीच्या जिन्यावरून उड्या. आणि दिवे लागले की दोन्ही पोटऱ्यांत ठणका सुरू. कुणीतरी आतून पिळतंय असं वाटायचं. मी गळा काढायचे. सकाळी उठावं तर काही म्हणजे काही नाही, मी परत जिन्यावर.

अशा वेळी आई काय करायची, तर डागी चादरीची फाडून ठेवलेली पट्टी लांबूनच माझ्याकडं टाकायची. "आवळून बांद पोटरीला. तुजी तूच बांद." तिचं माहेर नातेपुत्याकडचं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच राहिलं.

मी कसली ऐकतेय! "सगळ्यांच्या आया चोळून देतात. तूच का न्हाई देत?"

"न्हाय देत. गप पड."

"मी तुला नकोच आहे."

यावर ती पुढची दशी वळायला घ्यायची. मला वाटायचं, म्हणजे खरंच नकोय. आईचा हात माझ्या पायाला एकदा लागावा, यापलीकडं त्या वयात मला दुसरं काही नको होतं. तेवढंच मिळत नव्हतं.

चाळीच्या टोकाच्या खोलीत एका टांगेवाल्याची बायको राहायची. सगळी पोरं तिला खाला म्हणायची. माझं भोकाड ऐकू आलं की ती करडईच्या तेलात ओवा टाकून, कोमट करून वाटी घेऊन यायची. "कायकू रोती री? बढते पाँवां हैं, दुखतेच." आणि घोट्यापासून गुडघ्यापर्यंत असा काही हात फिरवायची की रडता रडता माझे डोळे मिटायचे. आई तेवढा वेळ भिंतीकडं तोंड करून दशा वळत राहायची. खालाबद्दल मला माया होती, पण खरं सांगते, मला तिचा हात नको असायचा.

दादा हे सगळं कोपऱ्यातून बघायचा. तो सहा-एक वर्षांचा असताना त्याला ताप आला आणि डावा पाय लुळा पडला. पोलिओ हा शब्द आमच्या घरात कुणी काढायचं नाही. पायावरून वारं गेलं, एवढंच म्हणायचे. सरकारी दवाखान्यातून त्याला लोखंडी पट्ट्यांचा बूट मिळाला होता, तो घालून तो खटक खटक करत शाळेला जायचा. रात्री बूट काढला की तो पाय चादरीखाली झाकून घ्यायचा. एकदा खाला गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, "माझा हा दुखत नाही बघ कधी. वाढतच नाही ना."

मी त्याला म्हटलं, "बरंय की मग." सात वर्षांच्या पोरीला काय कळतंय.

त्याच हिवाळ्यात शाळेत पळण्याच्या शर्यती झाल्या. घरी आले ते अंग कढत घेऊनच. आईनं कपाळाला हात लावला. "अंग तापलंय की गं!"

"पाय लई दुखायलेत," मी म्हटलं.

आईच्या मांडीवरची चादर खाली पडली. "उबी रहा. उबी रहा म्हणते न्हवं!" मी उठायला गेले, अंगात ताप, पोटरीत कळ, मटकन खाली बसले. आईच्या तोंडून नुसता "आई गं" असा आवाज आला. मग तिनं मला उचललं. सात वर्षांची घोडी मी, माझे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते, पण ती मला कडेवर घेऊन जी निघाली, ती थेट नव्या पेठेतल्या डॉक्टरांकडं. दिवे लागलेले, कापडाच्या दुकानांपुढं ही गर्दी, आणि आई कुणाला धक्का लागतोय, कुणाला नाही, याचं भान नसल्यासारखी चाललेली. लोकं शिव्या घालत होती. मागं कुठंतरी दादाचा बूट ऐकू येत होता. "आई, थांब की गं," असं तो ओरडत होता. ती थांबली नाही.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी घसा बघितला, गुडघ्यावर छोट्या हातोडीनं टकटक केलं, मला उठवलं, बसवलं, चवड्यांवर चालायला लावलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"घसा धरलाय, म्हणून ताप आहे," डॉक्टर म्हणाले. "पाय ठणठणीत आहेत. दोन्ही दुखतात, संध्याकाळी दुखतात आणि सकाळी पोरगी पळते, होय ना? वाढत्या वयात दुखतात पोरांचे पाय. ताप उतरला की कोमट तेलानं चोळून देत जा, शेकत जा. एकच पाय दुखायला लागला, सूज आली, लंगडायला लागली, तर मात्र लगेच आणायचं."

"म्या न्हाय चोळणार," आई म्हणाली.

"का हो?"

"म्या चोळलं की पाय जातो."

डॉक्टरांनी मान वर केली. तेवढ्यात दादा धापा टाकत दारात आला. आईनं त्याच्याकडं बघितलं आणि इतकी वर्षं आत दाबून ठेवलेलं सगळं तिथंच, आमच्या दोघांच्या देखत बाहेर काढलं. "ह्याचं बी पाय दुकत हुतं, सायेब. तापात. मला वाटलं, वाढीचंच हाय. रातभर त्याल लावून चोळत बसले. सकाळी बगते तर पाय उचलंना. नणंद म्हणाली, चोळून चोळून तूच पोराच्या पायातला जीव काढलास. तवापासनं ह्या हातानं कुणाच्या पायाला शिवले न्हाय म्या."

आत्या तसं बोलली होती, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. मला अजूनही तिचा राग येतो. बाई, पोर लुळं पडलेलं असताना असं बोलवतं तरी कसं कुणाला!

डॉक्टरांनी आईला बसायला स्टूल दिलं. "हे बघा बाई, तो आजार जंतूचा असतो. तापात पाय चोळू नयेत, हे खरं आहे. पण चोळलंत म्हणून याचा पाय गेलेला नाही. आजारानं गेला. तुमच्या हातानं नाही."

"खरं सांगताय न्हवं?"

"खरं सांगतो."

त्यातलं खरं किती होतं आणि तिचं मन राखायला किती होतं, ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या माणसाचे आमच्यावर उपकार आहेत. घरी येताना आई एकदम सावकाश चालली, दादाच्या बरोबरीनं.

माझा ताप उतरला आणि जिन्यावरच्या उड्याही सुरू झाल्या. एका संध्याकाळी ठणका लागला, तर आई न बोलता उठली, वाटीत करडईचं तेल घेतलं, ओवा टाकला, स्टोव्हवर धरलं. मला तर हर्षच झाला. मी पट्टी भिरकावून दिली आणि दोन्ही पाय लांब करून बसले.

आई वाटी घेऊन आली आणि माझ्यापुढून जाऊन दादाजवळ बसली.

"आई, माझे दुखायलेत!"

"थांब गं जरा. त्येचं आदी."

तिनं त्याच्या पायावरची चादर बाजूला केली. दादा लाजला, पाय ओढून घ्यायला लागला. "अगं, माझा नाही दुखत."

"नसंना का," म्हणत तिनं तो पाय मांडीवर घेतला. माझ्या मनगटाएवढी त्याची पोटरी. तेलात बोटं बुडवून ती घोट्यापासून वर चोळायला लागली. तेल चादरीवर सांडत होतं. दादानं भिंतीकडं तोंड फिरवलं, आणि थोड्या वेळानं त्याची पाठ हलायला लागली.

आईनं झटकन हात उचलला. "दुकलं का रं?"

"नाही," दादा भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाला. "हात नको काढू. चोळ की."