सर्व्हर रूमच्या खुंटीवरचा टॉवेल

बरेच दिवस मी या ग्रुपवर फक्त वाचते आहे. लिहिते पहिल्यांदाच. इतरांचे अनुभव वाचताना मी मनात एखादं साधं कारण शोधायचे — वारा असेल, उंदीर असेल, झोप लागली असेल — आणि बहुतेक वेळा ते सापडायचंही. अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आता आहे का, हेही मला धड सांगता येत नाही. शाळा इंग्लिश मीडियमची, त्यामुळे मराठीत चुका होतील, सांभाळून घ्या. हे घरी बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

मी संगमनेरजवळच्या एका दूध संघात आयटी विभागात आहे. विभाग म्हणजे मी, आणि फोनवर पुण्याचे एक सिनियर. गावोगावच्या केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं, त्याचे लिटर आणि फॅट आमच्या सर्व्हरवर जमा होतात. त्या आकड्यांचा बॅकअप सांभाळणं हे माझं मुख्य काम.

आमची सर्व्हर रूम पूर्वी दुधाचं कोल्ड स्टोरेज होती. भिंती वीतभर जाड, खिडकी नाही, आत मोबाईलला रेंज नाही. नवीन प्लांट झाल्यावर ती खोली रिकामी पडली, आणि थंडावा टिकतो म्हणून सर्व्हर तिथे आले. दाराला बोटाचं मशीन लावलं — आत जाताना बोट, बाहेर येतानाही बोट. बाहेरून किल्लीनेही उघडतं, ती किल्ली गेटवर असते. आतून उघडायचं बटण होतं, पण ते बिघडलेलं होतं आणि त्यावर चिकटपट्टी मारलेली होती. मीच त्याची तक्रार दोनदा साहेबांना मेलवर पाठवली होती. समोर जाऊन कधी बोलले नाही.

दाराबाहेर भिंतीत एक लोखंडी खुंटी आहे, कोल्ड स्टोरेजच्या काळातली. तेव्हाची पद्धत अशी, की आत जाणाऱ्याने खांद्यावरचा टॉवेल त्या खुंटीला अडकवायचा. टॉवेल दिसला की दाराला बाहेरून कडी घालायची नाही. आणि दुसऱ्याचा टॉवेल कोणी काढायचा नाही, अगदी हात पुसायलासुद्धा. हे मला रंगनाथमामांनी सांगितलं. ते तेव्हा कोल्ड स्टोरेजला होते, आता गेटवर असतात. मी आत जाताना दिसले की हमखास म्हणायचे, "ओढनी अडकवा मॅडम, न्हाईतर आमी कुलूप घालून घरी जाऊ." मी नुसती हसायचे. ओढणी खुंटीला टांगून आत जायचं… मला कसंतरीच वाटायचं.

पोळ्याच्या दिवशी ऑफिस दुपारीच रिकामं झालं. मी मुद्दाम तोच दिवस निवडला होता, कारण सगळा डेटा जुन्या स्टोरेजवरून नव्या स्टोरेजवर हलवायचा होता. आमच्याकडे एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात बरेच कॉम्प्युटर चालतात, व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. एक दुधाच्या हिशोबाचा, एक इंटरनेटचा, एक टेबलावरच्या फोनचा. मी ते एकेक करून बंद केले आणि कॉपी सुरू केली. संध्याकाळचं दूध यायच्या आत सगळं परत चालू व्हायला हवं होतं. बाकी काळजी नव्हती.

चहा घ्यावा म्हणून दाराशी गेले, बोट ठेवलं. मशीन गप्प.

मग लक्षात आलं. दार उघडायचं की नाही, हे बोटाचं मशीन स्वतः ठरवत नाही. ते ज्या कॉम्प्युटरला विचारतं, तोही त्याच सर्व्हरच्या पोटात होता… आणि मी तो नुकताच बंद केला होता. फोन बंद, इंटरनेट बंद, मोबाईलला रेंज नाही. खोलीची किल्लीच जणू मी खोलीत उभी राहून फेकून दिली होती.

दार वाजवलं. त्या भिंतींमधून काय ऐकू जाणार! ओरडले मात्र नाही. खरं सांगते, कोणी ऐकलं तर काय म्हणेल, हाच विचार आधी आला.

कॉपी मध्येच थांबवली असती तर दुधाचा डेटा अर्धा इकडे, अर्धा तिकडे झाला असता. कपाटात एक जुनी डिस्क होती, तिच्यात दाराच्या कॉम्प्युटरचा जुना बॅकअप होता. तो मी बाजूच्या सुट्या मशीनवर चढवला. चालू झाला. धावत जाऊन बोट ठेवलं. लाल दिवा. पुन्हा ठेवलं. लाल.

तो बॅकअप मी नोकरीला लागायच्या आधीचा होता. त्यात माझं बोट नव्हतं. पासवर्डही माझ्या आधीच्या माणसाचा, मला माहीत नसलेला. त्या कॉम्प्युटरच्या लेखी मी अजून इथे आलेच नव्हते.

त्याच्या स्क्रीनवर लॉगिनच्या वर एक ओळ असते, आत किती माणसं आहेत त्याची. तिथे १ दिसत होता. मला तेवढ्यातही जरा बरं वाटलं… निदान मशीनला तरी माहीत आहे, मी आत आहे.

आणि लाईट गेली.

एसी थांबला. सर्व्हर आणि ते सुटं मशीन यूपीएसवर चालू राहिलं, पण स्क्रीन विझली; बारके हिरवे दिवे तेवढे दिसत होते. थोड्याच वेळात खोली तापायला लागली. गरम हवा तोंडावर येत होती, श्वास जड झाला. यूपीएस संपला असता तर कॉपीही गेली असती, पण तोवर मला त्याचं फारसं वाटेनासं झालं होतं. उद्या सकाळपर्यंत इकडे कोणी येणार नाही, एवढंच डोक्यात फिरत होतं. मग मी ओरडले. घसा बसेपर्यंत.

भिंतीला हात लावत मागच्या कोपऱ्यात गेले, तर तिथे गार होतं. खरंच गार. वाटलं, जाड भिंतीत थंडावा राहिला असेल. मी तिथेच भिंतीला टेकून बसले. त्या गारव्यामुळेच मी शुद्धीवर राहिले असेन.

किती वेळ गेला, सांगता येणार नाही. कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज आला आणि दार उघडलं. उजेडात रंगनाथमामा उभे होते, नवा सदरा घालून. बैलांच्या मिरवणुकीला निघालेले. जनरेटर बघायला इमारतीत आले, तर खुंटीकडे लक्ष गेलं म्हणाले.

"जुनी खोड हाय. टॉवेल दिसला की पाय पुढं जात न्हाई."

मी बाहेर आले. खुंटीला खरंच टॉवेल होता — पांढरा, बारीक लाल काठाचा. मामांनी आधी जनरेटर चालू केला. कॉपी वाचली होती. परत आल्यावर ते हसत म्हणाले, "ऐकलं म्हना शेवटी. पर टॉवेल कुनाचा आनला? ओढनी अडकवायला लाजला का?"

मी म्हटलं, "मी नाही अडकवला, मामा. मला वाटलं, तुमचाच आहे."

त्यांनी खांद्यावरचा स्वतःचा टॉवेल चाचपला. मग माझ्याकडे न बघता उघड्या दाराकडे बघितलं आणि हळू आवाजात विचारलं,

"मग आत अजून कोन हाय?"

आम्ही दोघांनी खोली बघितली. बॅटरी घेऊन, रॅकच्या मागेसुद्धा. कोणी नव्हतं. मागचा कोपरा आता बाकीच्या खोलीसारखाच तापलेला होता. स्क्रीनवर अजून १ दिसत होता. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्या बॅकअपला माझं बोटच माहीत नव्हतं, तो मला मोजणार कसा?

पुण्याच्या सिनियरना मी एवढंच विचारलं, की हा आकडा असा का असेल. ते म्हणाले, बॅकअप घेतला तेव्हा कोणीतरी आत असेल, तोच आकडा गोठून राहिला. पटण्यासारखं आहे. टॉवेलचं मी त्यांना सांगितलं नाही. मामांनी सगळ्यांना विचारून पाहिलं, टॉवेल कोणाचाच नव्हता. मी त्यांना घाबरत घाबरत विचारलं, पूर्वी त्या खोलीत कोणी गेलं होतं का… म्हणजे मेलं होतं का. ते चिडलेच. "आमच्या वक्ताला कोनी मेलं न्हाई. त्यासाठीच तर टॉवेल हुता."

म्हणजे गोष्टीत असतो तसा कोणी मेलेला माणूसही नाही. फक्त टॉवेल आहे.

आतलं बटण दुसऱ्याच दिवशी दुरुस्त झालं. या वेळी मी समोर जाऊन सांगितलं. साहेबांनी एकदा तो टॉवेल काढून टाकायला सांगितला होता, पण कोणी पुढे झालं नाही. मीही नाही. एकदा जाता जाता बोट लावून पाहिलं होतं. भर दुपारी तो गार होता.

मला याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. सर्व्हर रूम एकच आहे, आणि बॅकअप रोज बघावा लागतो. आत जाताना मी आता ओढणी काढते आणि त्याच खुंटीला, त्या टॉवेलच्या शेजारी अडकवते. बाहेर येताना फक्त माझी तेवढी काढून घेते.