बिनटाक्याची चीर

रफूगाराच्या डोळ्यांचा नंबर उणे आठ. चष्मा काढला की समोर मेव्हणा आहे की पडदा, हे आवाजावरून ठरवावं लागे. पण तोच चष्मा काढून कोट नाकाशी धरला, की एकेक धागा दोरखंडासारखा दिसे. तीस वर्षं त्यांनी असंच रफू केलं आणि फाटलेली जागा खुद्द गिऱ्हाइकालाच सापडेनाशी केली.

गेल्या महिन्यात बिनचष्म्याचे बाहेर पडले आणि भलत्याच बाईच्या हातातली पिशवी "आण गं इकडे" म्हणत ओढू लागले. त्याच संध्याकाळी बायकोने लेझरवाल्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली.

"हल्ली बुबुळावरचा पापुद्रा उचलावा लागत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "लेझरने आतल्या आत एक पातळ चकती सुटी करायची, आणि छोट्याशा चिरेतून ओढून काढायची."

"आणि टाके?"

"टाके नाहीत. आपोआप भरतं."

रफूगार हबकलेच. चीर द्यायची आणि टाका नाही!

"लांबचं लख्ख दिसेल. जवळच्यासाठी मात्र या वयात चष्मा लागेल."

"म्हणजे चष्मा घालवून चष्मा?"

"एक डोळा जवळचं दिसेल असा ठेवता येतो. आधी चार दिवस तशा लेन्स घालून बघा. काम जमलं तर ऑपरेशन."

तिसऱ्या दिवशी एका कोटाचं कोपर आलं. उजवा डोळा भिंतीवरचं घड्याळ दाखवी, डावा कोपराचं भोक. मधल्या मधे रफूगाराला कोणाचं ऐकावं कळेना. तासाभराने रफू संपलं. पाहतात तो रफू कुठे दिसेचना! आनंद झाला आणि लगेच शंका आली: काम झकास झालंय, की आपल्यालाच दिसत नाहीये?

"अगं, भोक कुठे होतं सांग बरं."

बायकोने दारातूनच बोट दाखवलं. "हे काय! टेंगूळ आल्यासारखं दिसतंय."

रफूगाराने लेन्स काढल्या, सगळं उसवलं आणि कोट नाकाशी नेला. या खेपेला बायकोने बाही दोनदा चाचपली, उजेडात धरली आणि हात टेकले.

"मग डॉक्टरीणबाईंना काय कळवू?"

"नको म्हणून कळव."

"नक्की ना?"

"अगदी नक्की," रफूगार खुंटीवरच्या ओव्हरकोटाला ठासून म्हणाले. बायको खिडकीपाशी उभी होती.