पुरंदरावरची अमानत

यवतला माझ्या शेजारी बानूमावशी राहतात. पंच्याहत्तरीच्या, गोधड्या शिवतात आणि कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सरकारनं जर्मन कुटुंबांना पुरंदरावर नजरकैदेत ठेवलं होतं. मावशींचे आजोबा घोड्यावर भाजीपाला लादून तिथं पोचवायचे. सुटका झाल्यावर तिथल्या एका चित्रकार बाईनं आपली चित्रांची कुलूपबंद पेटी त्यांच्याकडे ठेवली. "परत येऊन नेते," म्हणाली. आली नाही.

दर उन्हाळ्यात मावशी ती पेटी अंगणात उन्हाला ठेवायच्या, पुसायच्या, खाली कडुलिंबाचा ताजा पाला घालून जागेवर ठेवायच्या. कुलूप मात्र कधीच उघडलं नाही.

मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. कागदाचं काय होतं ते मला ठाऊक. "अहो मावशी, आत कसर लागली असेल! उघडा तरी एकदा!"

"दुसऱ्याची अमानत हाय, ललिताबाई. मालकाला इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई. माझ्या अब्बानं बी लावला न्हाई."

आठ वर्षं आम्ही यावरून भांडलो. शेवटी वैतागून मीच पुण्यातल्या एका संग्रहालयाला पत्र धाडलं. तिथल्या जास्मिननं पेटीवरच्या नावावरून त्या बाईची मुलगी शोधली. जर्मनीत असते, नव्वदीला टेकलेली. व्हिडिओ कॉलवर ती बोलली, जास्मिननं आम्हाला मराठीत सांगितलं, "उघडा म्हणतायत. त्यांचा धाकटा भाऊ गडावरच तापानं गेला. त्याचा एकही फोटो नाही. आईनं काढलेलं त्याचं चित्र तेवढं पेटीत आहे."

कुलूप तोडलं. वरचा लोकरी कोट हातात घेताच फाटला. खालच्या चित्रांची कसरीनं चाळण केली होती. मावशी एकेक कागद मोबाईलपुढे धरत होत्या. पोराच्या चित्रात एक कान आणि मुठीतली पिवळी फुलं उरली होती. चेहरा नव्हता.

"सांगत होते ना," असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मावशींकडे पाहिलं आणि माझीच मला लाज वाटली.

"चुकलं माझं," मावशींनी मोबाईलला हात जोडले. "तुमचा भाऊ माझ्या घरात हुता, आन् मी त्याला कसरीला खाऊ दिला."

जास्मिननं ते तिकडे सांगितलं. तिकडच्या म्हातारीनं पडद्याशी वाकून चित्र न्याहाळलं. मग म्हणाली, "कान त्याचाच आहे." आणि रडायला लागली. आम्हीही रडलो.

आठवड्यानं, त्या म्हातारीच्याच सांगण्यावरून, जास्मिन पेटी संग्रहालयात न्यायला आली. प्रत्येक कागद वेगळ्या पाकिटात घातला. आता हे सगळं कपाटात कुलूपबंद राहील, कुणी हातसुद्धा लावणार नाही, असं तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं.

मावशींनी तिचं मनगट धरलं. "कुलूप लाव, पन अधनंमधनं उघडून बघत जा गं पोरी. माझ्यावानी नको करू."