पेंढ्याला टेकून बसलेला मंगेश

मंगेशला धरणाने मारलं नाही. आम्हीही मारलं नाही.

हे आधी लिहून टाकतो, कारण वर्षभर मी गप्प होतो.

आज त्याला जाऊन एक वर्ष झालं. पहाटे साडेपाचला मी हमरापूरच्या आमच्या कारखान्यात सॅकमध्ये पेंढा भरत होतो. कशासाठी, ते सांगतो.

मंगेश कारखान्यात गणपतीच्या डोळ्यांची आखणी करायचा. मी पॅकिंग करतो. मूर्ती ट्रकमध्ये चढली की तिला चारी बाजूंनी पेंढा लावायचा, हे माझं काम. आजवर एकही फुटलेली नाही, तरी ट्रक सुटला की वळणाआड जाईपर्यंत मी त्याच्याकडे बघत राहतो.

मंगेशच्या हृदयाची एक झडप खराब होती. ऑपरेशनसाठी नंबर लागायचा होता. डॉक्टर म्हणाले होते, चढ चढू नको, सपाटीवर हळूहळू चाल.

घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि रोह्याच्या त्याच्या मामांनी त्यातलं फक्त 'नको' ऐकलं.

खाटेवर बसव. पंखा लाव. दार लोटून घे.

"मी आजारी हाय, मेलेला नाय," तो म्हणायचा.

गणपती गेले, कारखाना रिकामा झाला. आमच्यातला तिसरा, सूरज, डोलवीला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. त्याने शिफ्ट बदलून घेतली. दरवर्षी आम्ही एखादा किल्ला चढायचो. त्या वर्षी मंगेशच म्हणाला, हेटवणे धरणाच्या काठाने जाऊ. सगळी सपाटी. मुक्काम पण काठावरच.

सामान मी भरलं. अंडी होती, चहाचे काचेचे ग्लास होते. मला भरायची दुसरी पद्धत येत नाही. पेंढा लावला.

अर्धी सॅक पेंढ्यानेच भरली. चालताना मागे काड्या गळायला लागल्या.

सूरज म्हणाला, "अरे, आपलं जेवण आणलंस का म्हशींचं?"

"बोलू नको त्याला," मंगेश म्हणाला. "अंड्यांची प्राणप्रतिष्ठा करनार हाय तो."

एका हाताला पाणी, त्यात समोरचा डोंगर उलटा पडलेला. मंगेश थोड्या थोड्या वेळाने थांबायचा. दम लागला असं एकदाही म्हणाला नाही. पाण्याकडे बोट करायचा. "ह्यो निळा बघा. आपल्या रंगाच्या एका डब्यात नाय असा."

मग आम्ही निळा बघायचो. त्याचा श्वास बसेपर्यंत.

संध्याकाळी ताडपत्री बांधली. सूरज त्याला म्हणाला, आडवा हो जरा.

"मला आडवा झोपता येत नाय," मंगेश म्हणाला. "छाती भरते. घरी भिंतीला टेकून झोपतो."

आम्हाला हे माहीत नव्हतं. धरणाच्या काठावर भिंत कुठून आणायची?

मी सॅक रिकामी केली. सगळा पेंढा त्याच्या पाठीमागे रचला. मग दोन्ही बगलांखाली, मग मानेमागे. मोठी मूर्ती बसवतो तसा. खांद्याला धरून हलवून बघितलं. हलला नाही.

सूरज या वेळी हसला नाही. मंगेशच म्हणाला, "पाण्याच्या काठाला आणून बसवलायस. विसर्जन करू नको म्हंजे झाला."

सकाळी ऊन तोंडावर घेऊन बसला होता. "मस्त झोप लागली रे. भिंत टोचते. पेंढा नाय टोचत."

त्यानंतर तो कामावर आला. माघी गणपतीच्या मूर्तींची आखणी त्यानेच पुरी केली. आणि ऑपरेशनचा नंबर लागायच्या आत हॉस्पिटलमध्येच वारला.

दहाव्याला मामा सगळ्यांसमोर बोलले, "या दोघांनी धरणावर नेला, म्हणून पोरगा गेला."

मी मान खाली घातली. तेव्हापासून काकींच्या, म्हणजे मंगेशच्या आईच्या, दारावरून जायचं टाळत आलो. मामांच्या बोलण्याची भीती नव्हती. काकींनाही तसंच वाटत असेल तर? याची होती.

यंदा मी आणि सूरजने ठरवलं, त्याच काठाने जायचं. मामांना कळलं. काल ते रोह्याहून आले आणि मला काकींच्या ओट्यावर बोलावून घेतलं.

"परत तिकडंच चाललास? लाज नाय वाटत?"

"नाय वाटत, मामा." मी म्हणालो. "डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. तो चालला. खाटेवर बसून गेला असता तर तुम्ही कोणाला बोलला असता?"

मामा काकींकडे वळले. "बघ गो, कसा तोंड वर करून बोलतो."

काकी तांदूळ निवडत होत्या. सुपातून नजर न काढता म्हणाल्या, "खरा बोलतो. धरणावरून आला तवा चार दिस तेच सांगत व्हता. पाणी कसा निळा, पेंढ्यावर झोप कशी लागली."

मग माझ्याकडे बघितलं.

"मला पन न्या. कुठं बसला व्हता ते बघायचा हाय. आनि पेंढा घे. माझी कंबर धरते."

पहाटेचा पेंढा त्यासाठी होता.

आत्ता आम्ही काठावर आहोत. रस्त्यापासून सूरजने काकींचा हात धरून त्यांना इथवर आणलं. त्याच जागी बसवलं. पाठीमागे पेंढा मी रचला, हलवून बघितलं.

बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाल्या, "निळा हाय खरा."

आता ज्यांना बोलायचं आहे त्यांनी खाली कमेंटमध्ये बोलावं. मी प्रत्येकाला उत्तर देणार आहे.

मंगेश, गणपतीला आपण पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो. तुला म्हणणार नाही. तू येणार नाहीस, एवढं आम्हाला समजतं.

आम्ही येऊ. दरवर्षी. पेंढा घेऊन.