ताडपत्रीखालचा वास

इथले अनुभव मी नेमानं वाचते, पण खरं सांगू का, करमणूक म्हणून. मी शाळेत विज्ञान शिकवते. भूतबित म्हटलं की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. त्यामुळे आज मीच लिहायला बसलेय हे बघून आमचे हे गालात हसताहेत... हसू देत.

माझं माहेर भंडारा जिल्ह्यात, अड्याळजवळ. कोरोनात माझी वास घ्यायची शक्ती गेली ती परत आलीच नाही. फोडणी करपली तर शेजारीण येऊन सांगते. घरात हा चेष्टेचा विषय. बाबांचं दुखणं मात्र चेष्टेचं नव्हतं. त्यांना विसरण्याचा आजार जडला होता, बोलणं जवळपास बंद. "त्यांना आता काही समजत नाही," असं आम्ही त्यांच्यासमोरच बोलायचो.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी माहेरी गेले होते. कापलेला धान शेतात वाळत पडलेला, आणि भरदुपारी आभाळ दाटून आलं. धान भिजला की गेला... त्यामुळे माझा धाकटा भाऊ प्रमोद, त्याची बायको, मजूर आणि मी, सगळेच भारे उचलून पुंजणी, म्हणजे भाऱ्यांच्या गंजी, रचत सुटलो. जागा दिसेल तिथे भारे टाकले, वरून ताडपत्री ओढली, कडेला दगड ठेवले.

मग प्रमोदनं इकडेतिकडे पाहिलं. "ताई, बाबा कुठी गेले?"

त्यांना बांधावर बसवलं होतं. तिथे ते नव्हते. शेतापलीकडे बोडी होती, लहानसं तळंच, काठोकाठ भरलेली. सगळे तिकडेच धावले. मीही धावले, आणि मध्येच थांबले. मला वास आला. चिचुंद्रीचा!

तो उग्र वास ज्यानं एकदा घेतला तो चुकायचा नाही.

"प्रमोद, चिचुंद्रीचा वास येऊन राहिला."

"तुले? तुले कायचा वास येते?" तो वैतागला. "मले तर काहीच नाही येत. बोडीकडे चाल."

"तू मागं फिर म्हणते ना."

मोठ्या बहिणीचा आवाज लावला तेव्हा आला. पुंजण्याकडे जावं तसा वास वाढत गेला. आणि ताडपत्रीच्या कडेखालून चिचुंद्री बाहेर आली. तिच्या मागे पिल्लं, प्रत्येकानं पुढच्याला शेपटीजवळ तोंडानं धरलेलं, अशी आगगाडीच. यात चमत्कार नाही. चिचुंद्री उंदीर नव्हे, किडे खाणारा प्राणी, आणि तिची पिल्लं अशीच चालतात. वर्गात मी फळ्यावर काढून दाखवते. पण ती नेमकी तिथून निघाली, म्हणून आम्ही ताडपत्री ओढली, भारे फेकले...

बाबा आत होते.

दोन पुंजण्यांच्या फटीत, हात टेकून ओणवे. वरून टाकलेले भारे पाठीवर पेललेले, घामानं निथळत, श्वास तुटत होता. घाईत आम्हीच त्यांना झाकून टाकलं होतं. त्यांच्या छातीखाली तणसीचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, एक रिकामं घरटं होतं. मी त्यांना मिठी मारून मोठमोठ्यानं रडले.

पाणी पाजल्यावर प्रमोदनं विचारलं, "बाबा, तिथं काहून घुसले होते?"

"पिल्लं होती," बाबा म्हणाले. "दबून मेली असती ना."

कित्येक महिन्यांत आम्ही ऐकलेलं त्यांचं हे पहिलं धड वाक्य.

डॉक्टर म्हणतात, गेलेलं नाक कधीकधी नसलेले वासही दाखवतं. असेल. पण मग जवळ उभ्या प्रमोदला न आलेला वास मला बरोबर त्या जागेपर्यंत कसा घेऊन गेला? त्यानंतर आजतागायत दुसरा कुठलाच वास आलेला नाही. कुणाला सांगता आलं तर जरूर सांगा, मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

बाबा बरे झालेत असं नाही. पण "त्यांना आता काही समजत नाही" हे वाक्य आता आमच्या घरात कोणी उच्चारत नाही. यंदा पुंजणं रचायच्या आधी प्रमोद त्यांच्याजवळ गेला. "बाबा, इथं लावू का?"

बाबा सावकाश वाकले, हातानं तणीस बाजूला सारून जमीन नीट पाहिली, आणि म्हणाले, "लाव."