काकू लॉग ऑफ करत नाहीत

सकाळी आठच्या सुमाराला मी सर्व्हरमध्ये शिरते तेव्हा पुरती जागी झालेली नसते. मुलुंडच्या माझ्या खिडकीतून येऊरचे डोंगर दिसतात, तेही त्या वेळी अर्धवटच उगवलेले असतात. हातात चहा, मांडीवर लॅपटॉप आणि पडद्यावर नावांची यादी. कोण कामाला बसलंय, कोण मघाशी उठून गेलं, कोण कालपासून तसंच पडून आहे.

आमची संस्था आजारी माणसांना घरी लागणाऱ्या वस्तू वापरायला देते. खाटा, व्हीलचेअर, वॉकर, प्राणवायूची मशिनं. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी आणि बोरिवली अशी चार केंद्रं आहेत. तिथले कॉम्प्युटर नुसते नावाला. खरा कॉम्प्युटर एकच, मुलुंडच्या ऑफिसात कपाटामागे घुंऽऽ करत बसलेला. सगळे लांबून त्याच्यातच येतात आणि त्याच्यातच काम करतात. एका घरात वीस माणसं, आणि कुणाला कुणी दिसत नाही. दिसतात ती फक्त मला.

मला हे फार आवडायचं, अजूनही आवडतं. अंधेरीचं नाव पाच मिनिटं निपचित पडलं की वाटायचं, चहा आला असेल. घाटकोपरचं हललं की वाटायचं, कुणीतरी जिना चढून आलं. दुपारी तर सगळी यादीच पेंगायला लागायची आणि तिच्याबरोबर मीही. 'काम कमी आणि तंद्री जास्त' असं माझी आई म्हणते. ते अगदीच खोटं नाही.

या तंद्रीत एक खडा होता. कोणती वस्तू कुठे आहे याची नोंदवही ज्या प्रोग्राममध्ये आहे, तो अधूनमधून सकाळी सुरूच व्हायचा नाही. दोनदा टिचकी मारायची, गोल गोल फिरायचं, खिडकी उघडल्यासारखी व्हायची आणि मिटायची. चारही केंद्रांत एकदम. मी सर्व्हर रीस्टार्ट करायची, प्रोग्राम चालू व्हायचा आणि मी परत डोंगर बघायला मोकळी. आळशी माणसाचं औषध ते. गुण येतो म्हणून आजार कोणता ते विचारायचं नाही.

मग एका सोमवारी घाटकोपरहून फोन आला. "यार, परत वाट लागलीय तुझ्या सर्व्हरची. इथे गोवंडीच्या एक बाई उभ्या आहेत, त्यांच्या आईला दुपारी हॉस्पिटलमधून सोडतायत. प्राणवायूचं मशीन लागणारच. कुठलं मोकळं आहे ते सांगू कसं मी? रडतायत गं त्या."

पाठोपाठ आमच्या कार्यवाहांचा फोन. निवृत्त मास्तर, आवाज अजून वर्गातलाच. "रीस्टार्ट पुरे झालं. कोणामुळे होतंय ते शोध. जो कोणी असेल त्याला घरी बसवू. आजाऱ्यांच्या जिवाशी खेळ नको."

म्हणून त्या दिवशी मी रीस्टार्ट केलं नाही. आधी नेहमीचे संशयित पाहिले. जागा भरली का, परवानग्या बदलल्या का, रविवारी काही अपडेट झालं का. काहीच नाही. मग ती यादी नीट वाचली. एक नाव शनिवार संध्याकाळपासून तसंच होतं. माणूस निघून गेलेला, पण आत त्याचं सगळं चालूच. उघडून पाहिलं तर एक फॉर्म अर्धा भरलेला होता आणि कर्सर शांतपणे लुकलुकत होता. त्या अर्ध्या फॉर्मने अख्खी नोंदवही अडवून धरली होती. बाकीचे दारापर्यंत येत होते आणि परत फिरत होते.

नाव होतं बोरिवलीच्या काकूंचं.

काकू सत्तरीपुढच्या, मूळच्या मालवणकडच्या. काका वारले तेव्हा त्यांची खाट परत करायला त्या स्वतः केंद्रात आल्या आणि पुढच्या आठवड्यात तिथेच, टेबलाच्या या बाजूला येऊन बसल्या. पगार नाही, काही नाही. "ही खुर्ची नसती तर मी भिंतींशी बोलत बसले असते गो," असं एकदा म्हणाल्या होत्या. त्यांना मी दहा वेळा सांगितलं होतं, काकू, वरच्या फुलीवर दाबून नुसती खिडकी बंद करू नका. त्याने तुम्ही बाहेर पडता, पण आत सगळं उघडंच राहतं. खाली बटण आहे, ते दाबून उठा. "हो गो, हो," म्हणायच्या दर वेळी.

माझं डोकंच फिरलं. पाच मिनिटांत मी कार्यवाहांना मेल टाकली. 'कारण सापडलं. बोरिवलीच्या काकू लॉग ऑफ करत नाहीत. अनेकदा सांगूनही.' शेवटच्या दोन शब्दांची काही गरज नव्हती. ते लिहून मला बरं वाटलं म्हणून लिहिले. त्यांना घरी बसवतील हे मला माहीत होतं, तेवढ्यापुरतं ते मी बाजूला ठेवलं. मग काकूंचं सेशन बंद केलं. चारही केंद्रांत प्रोग्राम चालू झाला आणि गोवंडीच्या बाईंना अंधेरीहून मशीन मिळालं.

बुधवारपर्यंत कार्यवाहांनी काकूंना सांगूनही टाकलं. शुक्रवारी त्यांचं काम उतरवून घ्यायला मला बोरिवलीला जायचं होतं. लिंक रोडने बस निघाली, ऊन खिडकीतून मांडीवर आलं आणि मला झोप लागली. झोपेत ती यादी दिसत होती. त्यातली नावं एकेक करून उठत होती, चपला घालत होती आणि मी त्यांना अडवत नव्हते.

केंद्रात घडी केलेल्या व्हीलचेअर भिंतीला ओळीने लावलेल्या होत्या. काकू टेबल पुसत होत्या. "आलीस? बस गो." आवाजात राग नाही. त्याचाच मला राग आला.

"काकू, एक बटण दाबायचं होतं. एवढंच ना?"

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "वाच."

खाली कोपऱ्यात लिहिलं होतं: 'जाते / जातो'.

ते मीच केलं होतं. मंडळींना इंग्रजी बटणं कळत नाहीत म्हणून मी सगळी मराठीत आणली होती. आधी 'बाहेर पडा' लिहिलं, तर अंधेरीच्या बाई म्हणाल्या, हा तर हाकलूनच देतो. मग हे सुचलं. माझ्यावर मीच खूश झाले होते.

"आपल्यात निघताना कोण 'जाते' म्हणतं गो?" काकू म्हणाल्या. "'येते' म्हणतो ना?"

"काकू, कॉम्प्युटर आहे तो!" मला हसू आलं.

त्या हसल्या नाहीत. त्यांनी वस्तू परत घेण्याचा फॉर्म उघडला. परत करण्याचं कारण: 'बरे वाटले' किंवा 'गेले'. ही यादीही माझीच. "दिवसभर लोक खाटा परत आणतात. मी 'गेले' लावते. शनिवारी एका पोरीची लहानशी व्हीलचेअर आली, तिचं लावायला होईना माझ्याने. म्हटलं, सोमवारी लावू. आणि संध्याकाळी हा मलाच विचारतो, जाते? हात पुढे होत नाही गो. मग फुली मारते आणि पळते घरी."

मी बाहेर गॅलरीत जाऊन कार्यवाहांना फोन लावला. "सर, चूक काकूंची नाही, माझी आहे. ते बटण मी चुकीचं केलंय." आणि सगळं सांगितलं. त्यांनी बटणावरचे दोन्ही शब्द मला परत वाचायला लावले. मग म्हणाले, "मग राहू देत त्यांना. मला काय हौस आहे म्हातारीला काढायची?"

मी आत धावत आले. "काकू, राहायचंय तुम्ही! सरांनी सांगितलंय."

काकू पिशवीत चष्म्याचं घर ठेवत होत्या. पडद्यावर त्यांचं नाव नव्हतं, नुसता निळा रंग होता.

"दाबलं गो मी," त्या म्हणाल्या. "तू बाहेर होतीस तेव्हा. म्हटलं, शेवटचं तरी नीट करावं."

"म्हणून काय झालं? परत आत येता येतं की!"

"तुमच्या कॉम्प्युटरला येत असेल. माझं एकदा म्हणून झालं."

मी खूप विनवलं. चिडलेसुद्धा. त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि जिना उतरून गेल्या.

बटणावर आता 'येते / येतो' असं लिहिलंय. ते सगळे हौसेने दाबतात, अंधेरीच्या बाई तर मोठ्याने म्हणत दाबतात. प्रोग्राम रोज पहिल्या फटक्यात सुरू होतो. बैठकीत कार्यवाहांनी माझं कौतुक केलं आणि मी मान खाली घालून ते ऐकून घेतलं.

रविवारी मी काकूंना फोन करते. गुडघ्यांचं बोलतो, माशांच्या भावाचं बोलतो. पहिले काही रविवार मी विचारायची, काकू, केंद्रात कधी येताय? "येईन गो," त्या म्हणायच्या, "येईन एखाद दिवशी." 'येणार नाही' हे शब्द त्यांच्या तोंडून कधीच निघायचे नाहीत, हे कळायला मला चार रविवार लागले. फोन मी अजून करते. ते विचारत नाही.